यंत्र कुठे अडलं?

(उत्सवाच्या तयारीच्या बैठकीनंतर मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सूचनाफलकावर आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला जिन्यातच अडवलं. ‘‘अहो, गणपती तोंडावर आलेत आणि तुम्ही जुगाराच्या यंत्रावर बोलणार?’’ शंका रास्त आहे. आपण गोव्यातली माणसं; आपल्याला या यंत्रांची नव्याने ओळख करून द्यायला नको. गोवा, दमण आणि दीवचा सार्वजनिक जुगारासंबंधीचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन चालवायला परवानगी मिळाली. पुढे मांडवीत जहाजं उभी राहिली, ती तर आपण पूल ओलांडताना रोजच पाहतो. त्या धंद्याची भलामण करायला मी उभा राहिलेलो नाही. मला बोलायचं आहे ते त्या यंत्राच्या जुन्या पिढीबद्दल, आणि तेही त्याचं दार उघडून आत काय दिसतं त्याबद्दल. कारण आत जे दिसतं ते आपल्या मंडळाच्या माळ्यावरही पडलेलं आहे.

आठवतो का आपल्या हलत्या देखाव्यातला लाकडी ढोल? मोटरवर हळूहळू फिरायचा. ढोलावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या आणि वरून पितळी जिभा टेकवलेल्या. पट्टी जिभेखाली आली की दिवा लागायचा, पट्टी सरली की विझायचा. रोषणाई पळायची ती त्याच्यावर, आणि राक्षसाचा हात वर जायचा तोही त्याच्यावर. त्यात ना चिप, ना प्रोग्राम. धातू धातूला टेकला की काम होतं, सुटला की थांबतं. जुनं विद्युत-यांत्रिक स्लॉट मशीन म्हणजे या ढोलाचाच परदेशातला चुलतभाऊ.

माझी स्वतःची सोयरीक या घराण्यातल्या तिसऱ्या भावाशी. माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, तीही जुन्या स्ट्राउजर एक्स्चेंजांवर. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा असलेल्या आल्मन स्ट्राउजर यांनी १८९१ साली या पद्धतीचं पेटंट मिळवलं. तुम्ही डायल फिरवलीत की आकड्याइतके झटके जायचे आणि तेवढ्या पायऱ्या चढून एक दांडी योग्य जागी थांबायची. एका हॉलमध्ये हजारो रिले. त्या खटखटाटात आम्ही वाढलो. नंतर इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, खटखटाट बंद झाला, आणि आमची विद्या कालबाह्य झाली असं आम्हीही मानून बसलो.

निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, नेव्हाडा राज्यात गेलो होतो. तिच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे असं एक जुनं यंत्र होतं. तिकडे अनेक राज्यांत ठरावीक वर्षांपेक्षा जुनं यंत्र संग्रह म्हणून घरात ठेवायची मुभा असते. नियम राज्याराज्यांत वेगळे. त्यांच्या दिवाणखान्यात ते यंत्र वडिलांची आठवण म्हणून उभं होतं. नातवंडं खोटी नाणी टाकून खेळायची. हल्ली ते रुसलं होतं. मी रिलेवाला आहे असं माझ्या नातीने त्यांना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

दार उघडण्याआधी थोडा इतिहास. तीन चाकांचं, आपोआप पैसे देणारं पहिलं गाजलेलं यंत्र सॅन फ्रान्सिस्कोत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालं. बनवणारे चार्ल्स फे हे बव्हेरियातून आलेले यंत्रकारागीर, आणि यंत्राचं नाव ‘लिबर्टी बेल’. त्यानंतर पन्नास-साठ वर्षं ही यंत्रं जवळजवळ संपूर्ण यांत्रिकच राहिली. स्प्रिंगा, तरफा आणि दातेरी चाकं. मग १९६३-६४ च्या सुमारास शिकागोच्या बॅली कंपनीने ‘मनी हनी’ हे यंत्र आणलं. बाजूचा दांडा तसाच ठेवला, पण जिंकलं की हरलं हे ठरवण्याचं आणि नाणी मोजून देण्याचं काम विजेकडे सोपवलं. तळाशी नाण्यांचं मोठं भांडं बसवलं, त्याला हॉपर म्हणतात. त्यामुळे माणसाला न बोलावता पाचशेपर्यंत नाणी यंत्र स्वतः मोजून देऊ लागलं. पुढची पंधरा-वीस वर्षं अशा यंत्रांचीच चलती होती. मग चिप आली आणि आमच्या एक्स्चेंजसारखीच त्यांचीही सद्दी संपली.

जाता जाता एक हिशेब, म्हणजे कोणाला मोह व्हायला नको. एका चाकावर वीस जागा धरा. तीन चाकांच्या मिळून वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार जुळण्या होतात. त्यातली एकच जुळणी मोठ्या बक्षिसाची असेल, तर संधी आठ हजारांत एक. यंत्र बिघडलेलं नसतानाही बहुतेक वेळा काही देत नाही, ते असं. म्हणून ‘‘यंत्र पैसे देत नाही’’ ही तक्रार दुरुस्तीवाल्याच्या काहीच कामाची नाही. ‘‘जुळणी आली, आणि तरी दिले नाहीत’’ ही तक्रार कामाची.

आता दुरुस्तीचा पहिला नियम. पाना-पेचकस हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यायची. नातीला म्हटलं, यंत्र नीट असताना एकामागून एक काय काय घडतं ते लिही. यादी साधारण अशी झाली. नाणं पडतं, नाण्याच्या वजनाने एक बारीक स्विच दाबला जातो, त्याने एक रिले ओढला जातो आणि नाणं निघून गेलं तरी तो स्वतःला धरून ठेवतो, त्याने दांड्याचं कुलूप सुटतं, दांडा ओढला की चाकं फिरतात, डावीकडून उजवीकडे एकेक थांबतं, प्रत्येक चाकामागच्या जिभा ते चाक कुठे थांबलं ते ‘वाचतात’, एक छोटी मोटर कॅम फिरवते, म्हणजे उंचवटे असलेल्या चकत्या, आणि त्या ठरलेल्या क्रमाने कॉन्टॅक्ट जोडतात, जुळणी असेल तर जिंकल्याचा रिले ओढला जातो, हॉपरची मोटर चालू होते, बाहेर पडणारं प्रत्येक नाणं एक स्विच दाबतं आणि मोजणीचं चाक एक पायरी पुढे सरकतं, आकडा पुरा झाला की मोटर थांबते, सगळं पूर्वस्थितीला येतं.

ही साखळी एकदा कागदावर आली की निम्मं काम झालं. मग यंत्राला विचारायचं, ‘‘तू कुठवर आलास?’’ शेवटची घडलेली गोष्ट आणि पहिली न घडलेली गोष्ट, या दोघींच्या मधेच बिघाड बसलेला असतो. चाकं फिरून थांबली पण मोटर सुरूच झाली नाही, तर हॉपर उघडून बसण्यात अर्थ नाही. नाणी थांबायचं नावच घेत नाहीत, तर मोजणारा स्विच बघायचा. तो दाबला जात नसेल तर यंत्राच्या लेखी एकही नाणं बाहेर पडलेलं नाही, म्हणून बिचारं प्रामाणिकपणे देतच राहतं.

नात म्हणाली, ‘‘आजोबा, एवढं लिहायचं कशाला? सगळे कॉन्टॅक्ट साफच करून टाकू या ना!’’

मी म्हटलं, ‘‘अगं, सगळं साफ केलंस आणि ते चाललं, तर बिघाड काय होता ते कळणार कसं? आणि नाही चाललं, तर आपण त्यात नवीन काय बिघडवून ठेवलं ते तरी कळणार कसं?’’

एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवायचा. एक्स्चेंजमध्ये आमची वही असायची. रात्रपाळीच्या माणसाने काय केलं ते दिवसपाळीच्या माणसाला त्या वहीतून कळायचं. ती वही नसती तर आम्ही एकमेकांचे बिघाड दुरुस्त करत बसलो असतो.

आता त्या यंत्राची खरी कथा. प्लग हातात घेतला आणि मी तिथेच थांबलो. तीन पायांच्या प्लगचा अर्थिंगचा पाय कोणीतरी कापून टाकला होता. भिंतीत जुना दोन भोकांचा सॉकेट असेल, त्यात बसावा म्हणून. आत पाहिलं तर दिव्यांच्या फ्यूजला चांदीच्या कागदासारखी पन्नी गुंडाळलेली. म्हणजे फ्यूज उडत होता, आणि आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्याने त्याचं उडणं बंद केलं होतं. यंत्राची पेटी धातूची. दांडा धातूचा. आणि तो ओढणारे हात सात-आठ वर्षांच्या मुलांचे.

मंडळी, फ्यूज हा निरोप्या आहे. तो सांगतो की पुढे कुठेतरी प्रमाणाबाहेर वीज ओढली जाते आहे. निरोप्याचं तोंड बांधलं म्हणून घरातली आग विझत नाही. आपल्याकडे चिनीमातीचा फ्यूज असतो, आपले वायरमन ज्याला किटकॅट म्हणतात, त्यात फ्यूजच्या तारेऐवजी साध्या वायरचे चार-पाच धागे पिळून घालण्याची रीत आहे. ती आणि ही पन्नी, जात एकच. फ्यूज जाडा केला की तार फ्यूज होते, आणि ती भिंतीत किंवा कापडाच्या पडद्यामागे जळते.

मी यजमानांना सांगितलं की अर्थिंग नीट झाल्याशिवाय आणि योग्य क्षमतेचे फ्यूज घातल्याशिवाय मी यंत्र सुरू करणार नाही. तिकडचा पुरवठा १२० व्होल्टचा असला तरी तो माणूस मारायला पुरेसा आहे. यंत्राच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातून रिलेंना साधारण पन्नास व्होल्ट आणि दिव्यांना सहा व्होल्ट मिळतात. पण ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा सगळा भाग मुख्य पुरवठ्यावर असतो, काही यंत्रांत मोटरही. म्हणून ‘आत पन्नासच व्होल्ट आहेत’ असं समजून हात घालायचा नसतो.

नवा प्लग आला, नवे फ्यूज आले. मग आपल्या वायरमनचं ब्रह्मास्त्र बाहेर काढलं: सिरीज बोर्ड. यंत्राच्या वाटेत एक जुना, तारेचा, साठ वॉटचा बल्ब एकसरीत जोडायचा. यंत्रात शॉर्ट असेल तर सगळा दाब बल्बवर येतो आणि तो लख्ख पेटतो. फ्यूजही उडत नाही आणि काही जळतही नाही. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आमचा बल्ब मंदच राहिला. म्हणजे शॉर्ट नाही? नातीने दार लावलं, आणि बल्ब भक्कन पेटला. दार उघडलं, मंद. लावलं, लख्ख.

आता सांगा, बिघाड कुठे असणार? तुमच्यातल्या दोघांनी मान हलवली, बरोबर. दाराच्या बिजागरीपाशी. दारातल्या दिव्यांकडे जाणारा तारांचा जुडगा तिथून वळतो. पन्नास वर्षं दार उघडलं-मिटलं गेलं. दोन तारांचं आवरण झिजलं, आणि दार मिटलं की त्या एकमेकींना टेकायच्या. तारा बदलल्या, वर नळी चढवली, जुडगा जरा सैल बांधला. ज्या जागी फ्यूज बोट दाखवत होता, ती जागा अर्ध्या तासात सापडली. पन्नी गुंडाळणाऱ्याने तोच अर्धा तास वाचवला होता.

यंत्र चालू झालं, पण मूळ तक्रार तशीच. तीन घंटा ओळीत आल्या, मोटर फिरली, नाणी नाहीत. म्हणजे साखळीत आपण ‘मोटर फिरते’ इथवर आलो आणि ‘जिंकल्याचा रिले ओढला जातो’ इथे अडलो. पेटीच्या तळाशी घडी घातलेला मूळ नकाशा सापडला. असा नकाशा सापडला तर आधी लॅमिनेट करा, मग वाचा. वाचताना एक लक्षात ठेवायचं: नकाशात कॉन्टॅक्ट कोणत्या स्थितीत दाखवलेत ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, बहुधा यंत्र स्वस्थ बसलेलं असतानाचे. आणि एकाच रिलेचे कॉन्टॅक्ट नकाशाभर विखुरलेले असतात, सासरी गेलेल्या बहिणींसारखे, नावावरून ओळखायचे.

पुरवठ्यापासून त्या रिलेच्या कॉइलपर्यंत वाटेत सोळा जागा निघाल्या: फ्यूज, प्लगच्या पिना, कॅमचे कॉन्टॅक्ट, तिन्ही चाकांच्या जिभा. पहिल्या जागेपासून सोळाव्यापर्यंत ओळीने तपासत जाणं हा एक मार्ग. आमचा मार्ग निम्म्याचा. आधी मधोमध, आठव्या जागेवर मीटर लावायचा. तिथे व्होल्टेज आहे? मग पहिल्या आठ जागा निर्दोष, त्यांच्याकडे पुन्हा पाहायचं नाही. आता बाराव्यावर. नाही? मग आठ आणि बाराच्या मधे. दहाव्यावर आहे. अकराव्यावर नाही. चार मोजणीत सोळातली एक जागा हाती आली: दुसऱ्या चाकाची जीभ. एक्स्चेंजमध्ये शंभर जागांची साखळी असली तरी सात मोजण्यांत आम्ही बिघाडापर्यंत पोचायचो.

ही मोजणी यंत्र चालू असताना करावी लागते. म्हणून मोटरची जोडणी काढून कॅम हाताने हव्या जागी फिरवून ठेवला होता, मीटरची एक तार चिमट्याने कायमची अडकवून ठेवली होती आणि दुसरी एका हातात. मोकळा हात खिशात. अंगठी, घड्याळ बाजूला काढलेलं. ही सवय ज्याला नाही त्याने चालू यंत्रात मीटर घालू नये. बंद करून, प्लग काढून, जेवढं तपासता येतं तेवढंच तपासावं.

प्लग काढून चाक बाहेर घेतलं. तांब्याच्या गोल पट्टीवर जुन्या ग्रीसचा थर, आंब्याच्या साठासारखा चिवट. वंगण कधीकाळी बेअरिंगसाठी घातलेलं, कोणीतरी उदार हाताने पट्टीवरही चोपडलेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या सुती फडक्याने पुसलं, खिडक्या उघडून पूर्ण वाळू दिलं.

इथे कॉन्टॅक्टच्या सफाईबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. रिलेच्या कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावायचा नाही. चांदीचा पातळ मुलामा जातो आणि कागदाची वाळू आत रुतून बसते. साधा, गुळगुळीत, पांढरा कागद कापून दोन कॉन्टॅक्टच्या मधे ठेवायचा, हलकेच दाबायचे आणि कागद ओढायचा. काळी रेघ उठते. रेघ उठायची थांबली की काम झालं. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, फवाऱ्याचं तेल, यातलं काहीही कॉन्टॅक्टवर नको. तेल धूळ धरतं, आणि ठिणगी पडते त्या जागी जळणारी वस्तू ठेवणं हे शहाणपणाचं नाही. आपल्या हवेत तर खारा दमटपणा. पितळेवर हिरवा गंज लवकर चढतो. पावसाळा संपला की एकदा बघायचं, एवढंच.

यंत्र आता दहातले नऊ वेळा बरोबर नाणी देऊ लागलं. यजमान खूश झाले. मला मात्र ते दहावं झोपू देईना. कधी होणारा, कधी न होणारा बिघाड हा सगळ्यात वाईट. मीटर म्हणायचा, साखळी अखंड जोडलेली आहे. मीटर खोटं बोलत नव्हता. तो अर्धंच सांगत होता. मीटर तपासायला अगदी क्षीण प्रवाह सोडतो, आणि रिलेला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. एक माणूस सहज ओलांडतो ती फळी भरलेल्या हातगाडीखाली वाकते, तसं. म्हणून भार चालू असताना प्रत्येक मिटलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजलं. चांगल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य यायला हवं. एकावर मधूनच बारा येत होते. पन्नासातले बारा वाटेतच गेले, तर रिले कधी ओढेल, कधी नाही.

नीट पाहिलं तर त्या कॉन्टॅक्टच्या दोन पाती एकमेकींना नुसत्या टेकत होत्या, दाबत नव्हत्या. नियम असा की हलणारी पात टेकल्यावर समोरची पात केसभर तरी मागे सरली पाहिजे. त्यानेच दाब येतो आणि त्या घासण्यानेच कॉन्टॅक्ट स्वतःला साफ ठेवतो. पात मुळाशी धरून किंचित वाकवली. टोकाशी वाकवली तर तिला कुबड येतं, ते पुन्हा सरळ होत नाही. त्यानंतर यंत्र चुकलं नाही.

तिथे एक रिले सतत गुंजारव करायचा, त्याचंही सांगतो, कारण आपल्या स्टार्टरमध्येही तेच होतं. एसी पुरवठ्यात प्रवाह सेकंदात अनेकदा शून्यावर येतो. त्या क्षणी चुंबक सोडायला पाहतं. ते सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडाशी तांब्याचं एक छोटं कडं बसवलेलं असतं. कडं तुटलं, किंवा मधे कचरा आला, किंवा व्होल्टेज कमी पडलं, की रिले गुणगुणतो आणि गरम होतो. तिथे नुसता कचरा होता. आणि कॉइलवर संशय आला तर शेजारी तशीच दुसरी कॉइल असते. दोघींचा रोध मोजून ताडून पाहायचा. फारच कमी आला तर आतले वेढे चिकटलेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. जळक्या कॉइलचा वास तर मीटरच्या आधीच कळतो.

परदेशातली वस्तू इकडे आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडे १२० व्होल्ट आणि सेकंदाला ६० आवर्तनं. आपल्याकडे २३० आणि ५०. मिक्सर आणताना लोक व्होल्टेज बघतात, आवर्तनं बघत नाहीत. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी आवर्तनं ५० च राहतात. साठवर चालण्यासाठी बनवलेली साधी एसी मोटर पन्नासवर सहाव्या हिश्श्याने हळू फिरते, आणि गाभा जास्त तापतो. व्होल्ट आणि आवर्तनांचं गुणोत्तर राखायचं तर १२० ऐवजी सुमारे १०० व्होल्ट द्यावे लागतात. अशा जुन्या यंत्रात सगळा खेळ वेळेवर चालतो. म्हणून ते तिकडे नीट चालणारं असलं तरी इकडे लगेच नीट चालेल असं धरून चालू नये.

आता आपल्या मांडवाकडे येतो. ज्यासाठी मी आज इतका वेळ घेतला.

मघाशी बैठकीत ठरलं की यंदा हलता देखावा पुन्हा करायचा. फार चांगलं झालं. मुलं म्हणाली, कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक असेल. असू दे. पण मोटर तीच, तारा त्याच, आणि मांडवात कापड, कागद, थर्माकोल, बांबू आणि पावसाची झड. त्यातून दर्शनाला येणारी माणसं ओल्या पायांनी येणार आणि मुलं लोखंडी पाइपाला धरून उभी राहणार.

तेव्हा पहिली गोष्ट. मांडवाच्या तात्पुरत्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. एमसीबी आहे, पुरे, असं कोणी म्हणेल. एमसीबी तारांना वाचवतो. जास्त प्रवाह गेला की पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या मानाने फार थोडा असतो, त्याला तो कळतही नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. मधे कुठे गळला की तोडतो. त्याच्यावर चाचणीचं बटण असतं. ते रोज संध्याकाळी आरतीआधी एकदा दाबायचं, आणि दाबणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं.

दुसरी गोष्ट. मूर्तीमागचा लोखंडी सांगाडा, मोटरची चौकट, मांडवाचे पाइप, सगळ्यांना अर्थिंग. कोणीही, कोणत्याही घाईत, प्लगचा तिसरा पाय तोडायचा नाही. सॉकेट बसत नसेल तर सॉकेट बदलायचा. अर्थिंगची आणि मुख्य जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच.

तिसरी. काही उडालं, पडलं, तर ते लगेच वर करून पुढे चालू ठेवायचं नाही. वहीत लिहायचं: किती वाजता, काय चालू होतं, पाऊस होता का, देखाव्याचा कोणता भाग हलत होता. रात्री साडेनऊला, राक्षसाचा हात वर जाताना दोनदा आरसीसीबी पडला, असं लिहिलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी वायरमन सरळ त्या हाताच्या तारेकडे जाईल. दाराच्या बिजागरीपाशी झिजलेली तार आणि राक्षसाच्या कोपरापाशी झिजलेली तार, झीज एकाच कारणाची.

चौथी. देखाव्याचा क्रम कागदावर लिहून तो मांडवामागे चिकटवायचा. आधी काय होतं, मग काय, मग काय. ऐन गर्दीत काही अडलं, तर हातात पाना घेतलेल्या दहा जणांपेक्षा तो कागद वाचणारा एकजण उपयोगी पडतो.

व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं, ‘‘काका, आता सगळं चिपवर आहे. रिले शिकून काय करायचं?’’ त्याला दिलेलं उत्तर इथे लिहायला संपादकांनी सांगितलं आहे, म्हणून देतो. रिले डोळ्यांना दिसतो. तो ओढला गेला की नाही ते दिसतं, ऐकू येतं. चिपच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून क्रम लावून विचार करायची सवय लागायला रिलेसारखा गुरू नाही. शेवटचं काय घडलं, पहिलं काय घडलं नाही, एका वेळी एकच बदल, निरोप्याचं तोंड बांधायचं नाही; एवढं जमलं की चिपसुद्धा सापडते.

माळ्यावरचा तो लाकडी ढोल खाली काढू या. पुढच्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथे बसेन. पट्ट्या घासायला, जिभा बसवायला शिकवेन. ज्यांना यायचं त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. मुलींनी आवर्जून यावं. येताना वही आणि पेन्सिल आणायची, पाना माझ्याकडे आहे.

विघ्नं हरायला बाप्पा समर्थ आहे. आरसीसीबीचं बटण मात्र आपल्यालाच दाबायचं आहे.